गिरजामायचा तरवड

गिरजामाय घरात आहे की बाहेर पडली याची चौकशी केल्याशिवाय आमच्या गावातून कोणी प्रवासाला निघत नसे. मेहकरच्या कचेरीत जायचं असो, सुलतानपूरच्या बाजाराला जायचं असो की लेक सासरी पोचवायची असो, आधी एखाद्या पोराला देवळाच्या आळीत पिटाळायचं. ते पोर कुडावरून डोकावून विचारी, "गिरजामाय, घरातच हायेस ना?" आतून उत्तर येई, "हाव बाप्पा, घरातच हाय. जा म्हणा खुशाल." मग बैल जुंपायचे. तिच्या आवाजात राग कधी नसे. रोज कुणी ना कुणी आपल्याला घरात कोंडतं, हे तिनं अंगवळणी पाडून घेतलं होतं.

कारण तिची शिंक. निघताना कुणी शिंकलं की काम बिघडतं हे सगळीकडेच मानतात. पण आमच्या गावात शिंक म्हटलं की गिरजामायच. पाऊस ओसरायला लागला की ती शिंकायला लागे, ते थंडी चांगली पडेपर्यंत. नुसत्या शिंका असत्या तरी भागलं असतं. मागोमाग डोळे सुजत, नाकातून धार लागे, आणि मग छातीत शिट्टी वाजायला लागे. मी तिच्याच घराच्या बाहेरच्या खोलीत राहत होतो, आणि ती शिट्टी भिंतीतून मला ऐकू येई.

मी तिथं मास्तर होतो. सुलतानपूरहून बीबीकडे जी गाडीवाट जाते तिच्यावरचं ते गाव. पलीकडे थोडं चाललं की निजामाची मोगलाई. नागपूरच्या सरकारला हे गाव आपल्या मुलखात आहे याची कल्पना असावी, कारण लोकल बोर्डाची एक शाळा तिथं होती आणि तिच्यावर मला नेमलेलं होतं. मी जळगाव जामोदकडचा, काळ्या जमिनीत वाढलेला. इथं तिन्ही बाजूंना नुसतं बरड. मुरूम, धोंडे, आणि त्यांच्या फटीतून वर आलेला तरवड.

तरवडाला मी दोष देत नाही. कमरेएवढं झुडूप ते. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, गुरं तोंड लावत नाहीत. चामडं कमावणारे त्याची साल सोलून नेत. उन्हात निघालेला माणूस त्याचा पाला टोपीखाली घाली. आश्विनात ते सगळं बरड पिवळंधमक होई, आणि एरवी ज्याकडे पाहवत नसे तिकडे शाळा सुटल्यावर मी मुद्दाम पाहत उभा राही. फूल देखणं, पण तळहातावर आपटलं की त्यातून बारीक पिवळी बुकणी पडते. गिरजामाय तिला फुलाचं पीठ म्हणे. तिच्या सगळ्या जन्माची दळणं त्या पिठानं खाल्ली.

दिसायला ती उंच, हाडकुळी. खांदे कायम कानांकडे ओढलेले, कारण श्वास घेताना ती सगळं अंग वर उचलायची. नाकाचा शेंडा बारमाही लाल. बोलताना वाक्य मधेच ठेवून द्यायची, दम घ्यायची, आणि जिथं ठेवलं तिथून पुन्हा उचलायची. एकही शब्द गाळत नसे. घाईच्या माणसाला ते असह्य होई. मला त्याची इतकी सवय झाली की माझी बदली झाल्यावर सरळ एका दमात बोलणारी माणसं मला उर्मट वाटायला लागली. आणि कुठलंही गाऱ्हाणं शेवटाला आलं की ती म्हणे, "चालते बाप्पा. चालवा लागते."

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. शाळा तपासणाऱ्या डिप्टीसाहेबांनी आसपासच्या मास्तरांना सुलतानपूरला बोलावलं होतं. भिका गाडीवानाची दमणी दाराशी उभी होती, मी पाय टाकून वर बसलो होतो. इतक्यात गिरजामाय बरडावरून टोपली घेऊन आली आणि शिंकली. एकदाच. भिका खाली उतरला आणि बैलांची जोती सोडायला लागला.

"अरे, काय करतोस?" मी विचारलं.

"एक शिंकली, मास्तर. एकीवर म्या बैल नाई हाकत."

"मग कधी जायचं?"

"दुसरी आली तं आताच जाऊ. जोडशिंक चालते."

म्हणून आम्ही दुसऱ्या शिंकेची वाट पाहत बसलो. गिरजामाय कोपऱ्यात अपराध्यासारखी उभी. तिनं नाक चोळलं, सूर्याकडे पाहिलं, डोळे मिटले, उघडले. येईना. "पाहा मास्तर," ती म्हणाली, "नको तवा... धा येतात. अन् आता... एकीले महाग झाली." शेवटी आली बापडी. भिकानं समाधानानं बैल जुंपले. सुलतानपूरला पोचलो तेव्हा डिप्टीसाहेबांनी उशिराचं कारण विचारलं आणि मी खरं तेच सांगितलं. नोकरीत खरं बोलण्याचा तो माझा शेवटचा प्रयत्न.

पुढं मलाही कळलं की गावात हे एक शास्त्रच होतं. तिच्या शिंका सुरू झाल्या की माणसं बोलणं थांबवून मोजत. जोडीवर थांबल्या तर हसत, एकीवर थांबल्या तर चुलीवरचा तवा खाली उतरवत. सोयरीक ठरवायला निघालेलं वऱ्हाड एकदा पाणंदीतून परतलं होतं आणि त्या घरच्या बाईनं वर्षभर गिरजामायशी अबोला धरला होता. म्हणून ती फुलांना जायची ती गाव उठायच्या आधी, आणि वाटेत गाडीची चाहूल लागली की झुडपांकडे तोंड करून पदराचा बोळा नाकाशी दाबून उभी राहायची.

असं हे वर्षाचं. पण घट बसले की सगळं उलटं होई.

तिचा नवरा नारायणबुवा देवळाचा गुरव. देवी टेकाडावरची, देऊळ बसकं, दगडी. गाभाऱ्यात वाकून शिरावं लागे आणि दाराखेरीज वारा यायला जागा नव्हती. नवरात्रात घटावर रोज एक माळ चढे, आणि आमच्या देवीला माळ तरवडाचीच. झेंडू, शेवंती बाकीच्या देवांना. का, तर तरवड कुणाच्या विहिरीचं पाणी पीत नाही आणि जनावर त्याला उष्टं करत नाही. माळेचा मान गुरवाच्या घरातल्या बाईचा. फुलं तिनं तोडायची, तिनं ओवायची आणि रोजच्या आरतीला घटाजवळ तिनंच बसायचं. आधीची माळ काढायची नाही. घट उठेपर्यंत सगळ्या तिथंच लोंबत.

आता कुणीही सांगेल काय होणार ते. पहिल्या माळेला तिचं नाक वाही. तिसरीला डोळे लाल. पाचवी-सहावीला छाती वाजे. आठव्या माळेला तो कोंदट गाभारा, धुपाचा धूर, वर आठ माळांची पिवळी बुकणी, आणि खाली ती. तिचं डोकं मागे-पुढे व्हायला लागे, डोळ्यांतून पाणी गळे, घशातून घरघर निघे. श्वास मिळेना म्हणून ती हवेत हात मारी. आणि गाव म्हणे, आली! आई आली!

मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा दाराशी उभा होतो. दौलतराव पाटलानं पागोटं काढून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ज्या बाईनं वर्षभर अबोला धरला होता, ती तिच्या पायांवर घागरीनं पाणी ओतत होती. प्रश्न विचारत होते. आई, कपाशी येईल का? आई, हरवलेला बैल कुठं असेल? तिला खोकला आला की पाटील म्हणे, "हो म्हणते." नुसती घरघरली की म्हणे, "आई कोपली, नीट इचारा." ती बाई गुदमरते आहे असं मी ओरडणार होतो. पण मी मास्तर, नवा, आणि सगळं गाव हात जोडून बसलेलं. मी ओरडलो नाही, आणि ओरडलो असतो तरी कुणी ऐकलं नसतं.

दसरा झाल्यावर मी तिला विचारलं. ती ओट्यावर भिंतीला पाठ टेकून, गुडघ्यांवर तळहात रोवून बसली होती. तशीच ती झोपतही असे. आडवं पडलं की तिला श्वास मिळत नसे.

"गिरजामाय, खरंच येते देवी?"

"नाई हो मास्तर. फूल हाय ते."

"मग सांगत का नाही कुणाला?"

"सांगतलं ना. लगन होऊन आली... तवापासून सांगून राह्यली. सासूले सांगतलं. पाटलाच्या बापाले सांगतलं. ते म्हनतात... आई ज्याच्यात येते त्याले कळत नसते." ती थोडी हसली. "म्या कधी हाव म्हटलं ना नाई म्हटलं. तेच इचारतात... तेच सांगतात. मी मधात मरून राह्यली असते."

मेहकरच्या दवाखान्यात नारायणबुवा तिला एकदा घेऊन गेला होता. डॉक्टरनं छाती पाहून सांगितलं, फुलांपासून लांब राहा. "म्या म्हटलं, हे आमच्या देवीले सांगा," ती म्हणाली. डॉक्टरनं औषध लिहून दिलं, आणि ते त्या दवाखान्यात नव्हतं.

नारायणबुवाबद्दल एवढंच सांगतो. एका संध्याकाळी मी गोठ्यामागे गेलो तर गुरवीण विडी ओढत होती आणि गुरव शेजारी उकिडवा बसून गोवरीचा निखारा फुंकत होता. मला पाहून दोघांची चोरी पकडल्यासारखी तोंडं झाली. विडीत तंबाखू नव्हती, धोत्र्याची वाळकी पानं होती; कुण्या वैदूनं सांगितलेलं, धूर घेतला की छाती मोकळी होते. गुरवाच्या बाईनं विडी ओढली हे गावात कळलं असतं तर देवळात पाय ठेवू दिला नसता. "मास्तर," नारायणबुवा म्हणाला, "लोक म्हनतात आई हाय, हे म्हनते फूल हाय. माह्याच्यानं दोन्ही टाळवत नाई. तुमी पाहेल नाई असं समजा." मी पाहिलं नाही असं समजलो. पुढं निखारा विझला की मीच माझ्या चुलीतला देत असे.

त्या बाईची मला दया येई, आणि दयेपेक्षा कंटाळा येई, खरं सांगतो. दरवर्षी तेच. श्रावण सरला की तिचे खांदे वर चढायला लागत. म्हणून एका वर्षी घट बसायच्या आधी मी तिला एक तोड सुचवली. मला ती फार हुशारीची वाटली होती.

"गिरजामाय, तुझं कुणी ऐकत नाही, पण देवीचं ऐकतात ना? मग आठव्या माळेला सगळे पाया पडतील तेव्हा म्हण, मला हे फूल नको. एवढंच म्हण. दुसऱ्या वर्षापासून तुझी सुटका."

तिथल्या माझ्या सात वर्षांत ती माझ्यावर चिडली ती तेवढीच. तिनं हातातलं तांदळाचं सूप खाली आपटलं.

"तुमी शिकेल मानूस... अन् हे सांगता? तिच्या नावानं मी बोलू? मले नको म्हनून... तिले नको म्हनू?" दम लागला तशी ती थांबली, भिंत धरली, आणि सोडलं तिथून पुन्हा धरलं. "तिचं तोंडही म्याच घेतलं... मंग तिच्यापाशी काय राह्यलं, मास्तर? त्या कोपऱ्यातला धोंडा?"

तिची श्रद्धा मला अशी कुठं तरी कोपऱ्यात सापडेल असं वाटलं नव्हतं. ती देवीला मानत होती. फक्त देवी आपल्यात येते हे मानत नव्हती.

आता अनसाचं सांगायला हवं. अनसा तिची नात. मुलगा आणि सून खामगावला जिनिंगमध्ये कामाला गेले होते, पोरगी आजीपाशी. माझ्या शाळेत ज्या दोन-तीन मुली येत त्यांतली ती एक. पाटीवर अक्षर मोत्यासारखं काढायची आणि शेवटची ओळ लिहिता लिहिता शिंकून सगळं पुसून टाकायची. आधी आम्ही हसायचो. मग त्याच वर्षी गिरजामायचे गुडघे धरले आणि तरवड तोडायला ती नातीला बरोबर नेऊ लागली.

पाचव्या माळेला आरती चालू असताना अनसा आजीजवळ बसली होती. सकाळपासून तिचे डोळे सुजलेले होते. आरतीच्या मध्यावर तिचं डोकं आजीसारखंच मागे-पुढे व्हायला लागलं. तोंड उघडं, आणि त्या एवढ्याशा छातीतून तीच शिट्टी. क्षणभर टाळ थांबले. मग एक म्हातारी पुढं सरकली आणि तिनं पोरीचे पाय धरले. "आजीची गादी नातीले आली गं माय!" दौलतरावाच्या बायकोनं घरी धावत जाऊन खण-नारळ आणला आणि अनसाची ओटी भरली. पोरगी श्वासासाठी तोंड वासत होती आणि बाया तिच्या कपाळाला मळवट फासत होत्या.

मी गिरजामायकडे पाहिलं. तिला स्वतःला धाप लागलेली होती, तरी तिनं अनसाला उचललं आणि बायांना कोपरांनी ढकलत बाहेर आणलं. ओट्यावर येऊन ती पोरीची पाठ चोळत राहिली. तिसऱ्या प्रहरी पाटलाचा निरोप आला, आठव्या माळेला पोरीला आजीशेजारी बसवा, गावाला दोन तोंडांनी कौल मिळेल.

"हिचं आता काय होईल, मास्तर?" तिनं विचारलं. तिला उत्तर ठाऊक होतं. अंगात येणारी पोरगी कोण करून नेतो? ती इथंच राहणार, सकाळी तरवड तोडणार, आठव्या माळेला गुदमरणार आणि बाकी वर्ष कुडाआड बसून म्हणणार, घरातच हाय बाप्पा, जा खुशाल. मी काहीच सुचवलं नाही. एकदा सुचवून झालं होतं.

आठव्या माळेला देवळात उभं राहायला जागा नव्हती. बीबीकडचीही माणसं आली होती. गिरजामाय घटाजवळ बसली होती, शेजारी अनसा, नवं लुगडं गुंडाळलेली, भेदरलेली. आजीचं डोकं डुलायला लागलं तसा दौलतराव पुढं झाला. "आई, यंदा..." त्यानं तोंड उघडलं मात्र, गिरजामायनं हात वर केला. मी तिला कधी एवढ्या मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

"हे फूल... मले नको."

नारायणबुवाच्या हातातली घंटी तशीच राहिली.

"माळा उतरवा. हे फूल... देवळात आणाल... तं मी अठी राहनार नाई. अन् या पोरीले... हात लावू नका. हे माही नाई."

"मंग आई, कोनतं फूल वाहावं?" पाटलानं चाचरत विचारलं.

याचा विचार तिनं केलेला नव्हता. ती बराच वेळ नुसती धापत राहिली. शेवटी म्हणाली, "जे... ज्याच्या वावरात असंल ते."

माळा उतरवल्या. घट उठायच्या आधी माळा उतरवणं हे त्या गावात कधी झालं नव्हतं. म्हाताऱ्या बाया रडायला लागल्या. अनसाला तिच्या आजोबानं हात धरून बाहेर नेलं. गर्दी पांगल्यावर मी गिरजामायला धरून ओट्यापर्यंत आणलं. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आज मी बोलली, मास्तर. देवी नाई." मला आनंद व्हायला हवा होता. तिचा चेहरा पाहून तो झाला नाही.

दुसऱ्या वर्षी देवीला झेंडू आला. सुलतानपूरच्या माळ्याला तेवढी देवी पावली. त्यानं बांधावर सगळा झेंडूच लावला. बरडावर तरवड फुलला होताच, त्यामुळे गिरजामायच्या शिंका काही सुटल्या नाहीत. पण तोडणं-ओवणं थांबलं, गाभाऱ्यातली ती बुकणी गेली, आणि तिची छाती पहिल्यांदा नवरात्रभर वाजली नाही. आठव्या माळेला माणसं जमली. ती घटाजवळ ताठ, कोरड्या डोळ्यांनी बसली. पाटलानं विचारलं, आई, कपाशीचं काय? ती म्हणाली, "मले काय माईत, पाटील? ते समोर बसली हाय, तिले इचारा."

गाव हिरमुसलं. गिरजामायची देवी गेली असं ठरलं. तिच्यापुढे वाकणारे सरळ उभे राहिले. घागरी, खण, नारळ सगळं थांबलं. थांबलं नाही ते दुसरं. गाडी जुंपायच्या आधी कुडावरून पोर डोकावायचं ते डोकावतच राहिलं. देवी गेली, शिंक तेवढी राहिली. मला राग यायचा. ती म्हणायची, "चालते बाप्पा."

त्यानंतर माझी बदली जळगाव जामोदला झाली. अनसाचं पुढं लग्न झालं. आणि योग असा की सासर मिळालं आमच्याच बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी. काळी जमीन, विहिरींचं पाणी, आणि तरवड औषधालाही सापडत नाही. बाजारात भेटली की वाकून नमस्कार करी. एका वर्षी, लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं त्या दिवसांत, तिला मुलगी झाली. दसऱ्याच्या सुटीत मेहकरकडे माझं काम निघालं तशी ती म्हणाली, गुरुजी, आजीले तेवढं सांगून या.

मी गावात पोचलो तेव्हा आठवी माळ होती, हे माझ्या ध्यानातही नव्हतं. भर दुपार. आरती आटोपून सगळे जेवायला गेलेले. नारायणबुवा वारला होता. घराला कडी होती. शेजारणीनं देवळाकडे बोट केलं. मी वाकून गाभाऱ्यात शिरलो आणि सगळ्यात आधी मला ती शिट्टी ऐकू आली.

गिरजामाय भिंतीला पाठ लावून, गुडघ्यांवर तळहात रोवून बसली होती. फार म्हातारी झाली होती. वर झेंडूच्या माळा लोंबत होत्या. आणि देवीच्या पायांशी तरवडाची एक फांदी होती, ताजी, फुलांनी भरलेली.

"हे काय? कुणी आणलं हे?"

"म्याच." तिनं मला ओळखलं, आश्चर्य दाखवायला दम नव्हता. "दरसाल आनते. या वक्ताले... कोनी नसते."

"काऊन पण?" माझ्या तोंडून माझी घरची बोली निघाली. "जीव जाईल ना!"

"तिचं फूल होतं ते, मास्तर. माह्या लेकरासाठी... म्या तिच्या नावानं खोटं बोलली. तिचं फूल... तोडलं तिच्यापासून. वर्षाचं एक तरी... नेऊन द्या लागते ना."

"मग ठेवून बाहेर तरी बस."

"तिच्यापुढं ठेवून पळून जाऊ?"

मी तिच्याजवळ बसलो. दुसरं काही करता येण्याजोगं नव्हतं. मग मी अनसाचं सांगितलं, मुलगी झाली, दोघी खुशाल. ती पुढं झाली, माझा दंड धरला.

"शिंकते का?"

"कोण?"

"लहानी. शिंकते का?"

"नाही गं माय. आणि अनसाही नाही. छाती वाजत नाही तिची."

तिचे डोळे आधीच वाहत होते, त्यामुळे ती रडली की नाही हे सांगता येणार नाही. ती देवीकडे पाहत बराच वेळ मान हलवत राहिली. मला राहवलं नाही. मी वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. सगळं गाव तिथं डोकं ठेवत होतं तेव्हा मी दाराशी उभा राहिलो होतो.

"आता काऊन पडता?" ती म्हणाली. "माह्यात आता कोनी नाई, मास्तर."

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

लोक परतायची वेळ झाली तशी तिनं फांदी उचलली आणि पदराखाली घेतली. देवळात तरवड आलेला कुणाला दिसता कामा नये. आईनं मनाई केलेली. मला सुलतानपूरहून मेहकरची मोटार गाठायची होती. भिका दमणी घेऊन उभाच होता, तोही पिकला होता. ती देवळामागच्या पायवाटेनं निघाली आणि आम्ही गाडीवाटेला लागलो.

बैलांनी दहा पावलं टाकली नसतील, मागून शिंक ऐकू आली. एकच. भिकानं कासरा ओढला.

"हाक रे," मी म्हणालो.

"एकीवर नाई, मास्तर."

मी वळून पाहिलं. ती पायवाटेवर थांबली होती आणि आमच्याकडे पाहत होती. बैल थांबलेले तिला दिसले. सगळा जन्म जिनं पदराचा बोळा नाकाशी दाबला तिनं पदर बाजूला केला, फांदी बाहेर काढली, दोन्ही हातांनी फुलं तोंडाशी धरली आणि खोल श्वास घेतला.

"नको, माय!" मी ओरडलो.

दुसरी शिंक आली. भिकानं बैल हाकले. ती वाकून, एक हात छातीवर धरून, दुसऱ्या हातानं आम्हाला जा, जा म्हणत होती. वाट वळेपर्यंत तो हात मला हलताना दिसत होता.